सोपानराव आणि वरच्या प्रती

सोपानरावांशी पाच मिनिटं बोलून स्वच्छ कपड्यांनी घरी गेलेला माणूस मला दाखवा. नाही सापडायचा. बोलताना त्यांचे दोन्ही हात चालायचे आणि दोन्ही हातांना शाई असायची. माझ्या एका चांगल्या साडीच्या पदरावर सोनेरी अंगठा आहे, घराच्या दारावर हिरवा पंजा आहे. मिरजगावच्या बाजारात एखाद्याच्या सदऱ्याच्या पाठीवर चार लाल बोटं दिसली की लोक ओळखायचे, याच्या घरी लग्न ठरलंय. कारण पत्रिका छापायला आलेल्या माणसाच्या पाठीत आनंदानं थाप घातल्याशिवाय सोपानराव त्याला खुर्ची द्यायचे नाहीत. खुर्चीवरही कागद असायचे, म्हणून मग तो उभाच.

त्यांची प्रेस स्टँडसमोर, नगर-सोलापूर रस्त्याला लागून. प्रेस म्हणजे एक लांबट खोली, लाकडी चौकटींवर ताणलेल्या जाळ्या, रबराची पट्टी, आणि छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. जाळीतून कागदावर शाई दाबायची आणि ओला कागद दोरीला चिमटा लावून टांगायचा. भिंतीच्या अलीकडे मी. हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, तापट, आणि दुपारी झोपायची सवय असलेली बाई. त्यांचं हसणं भिंतीतून यायचं. मी लाटण्यानं भिंत ठोकायचे. पलीकडून "व्हय बाई, व्हय!" असा आवाज यायचा आणि मग ते माझ्या लाटण्यालाच हसायचे. एकदा मी रागानं तडक गेले, तर हातात लवंग ठेवून म्हणाले, "चावा. राग खाली बसतोय." मी चावली. राग काही बसला नाही, पण भांडायचं राहून गेलं.

पत्रिका तयार झाली की ते ती गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. नुसतं वाचणं नव्हे, मंगलाष्टकांच्या चालीवर! चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक, मग आशीर्वाद देणारे पुढारी, मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, आणि सगळ्यात शेवटी पोरांच्या नावानं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ आली की सोपानरावांचा आवाज बारीक व्हायचा, मान वाकडी व्हायची. साठीचा, गलमिशावाला माणूस पोरीसारखा लाजून 'यायचं हं' म्हणतोय, हे बघायला स्टँडवरचे रिक्षावाले दारात येऊन उभे राहायचे. कुठलीही भानगड सुरू करायच्या आधी त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "आता बघा मज्जा!" ते ऐकलं की सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, घरातली दुधाची पातेली उचलून आत ठेवायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना आयुष्यात जमली नाही. सांगितल्या तेवढ्याच पत्रिका छापणं. गिऱ्हाइकानं आकडा सांगितला की ते मान डोलवायचे आणि त्याच्यावर आणखी छापायचे. याला ते 'वरच्या' म्हणायचे. वरच्या पत्रिका त्यांच्या पिशवीत, शर्टाच्या खिशात, मोटारसायकलच्या डिकीत. मी एकदा विचारलं, "अहो, कशाला हा उद्योग?" तर त्यांनी मला एका मामाची गोष्ट सांगितली.

जामखेडच्या बाजूला एका वस्तीवरचं लग्न. नवरीच्या चुलतमामाला पत्रिका पोचली नाही. मामा आला, कडक इस्त्रीत, फेटा बांधून आला, आणि मांडवाबाहेर दगडावर बसला. आत येईना. "मला पत्रिका न्हाई, मी वाटसरू हाय. सावलीला बसलोय." पाया पडून झालं, पाणी देऊन झालं. आत भटजींचा घसा कोरडा पडला. आणि नवरीनं सांगितलं, मामा आत आल्याशिवाय मी पाटावर उभी राहणार नाही. सोपानराव त्या लग्नाला जेवायला गेलेले. पिशवीत वरची पत्रिका होती. त्यांनी वहिनीकडून कोपऱ्याला हळदकुंकू लावून घेतलं आणि मामापुढे गुडघे टेकून ती वाचली. चालीवर, 'यायचं हं' पर्यंत! मामानं पूर्ण ऐकून घेतलं, पत्रिका फेट्यात खोवली आणि नातेवाइकांना दरडावलं, "चला की, उशीर का लावलाय?"

"बाई," सोपानराव म्हणाले, "एका कागदापायी मानूस उन्हात बसला हुता. तवापासून मी मोजायचं सोडलं."

वहिनी आतून म्हणाल्या, "त्याच्या आदीबी कुठं मोजत हुते!"

असा हसरा माणूस, पण त्यांना एक सल होता आणि तो ते उघड सांगायचे. कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी भिरभिरायची. आपण छापलेली पत्रिका काय झाली, हे शोधायचे. सापडायची. पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून, केर भरायला सुपली म्हणून, डुगडुगत्या पलंगाच्या पायाखाली. एका घरात देव्हाऱ्याशेजारी पत्रिकेवरचा गणपती कापून चिकटवलेला होता. मी म्हटलं, "बघा, ठेवलंय की तुमचं." तर एवढंसं तोंड करून म्हणाले, "गनपती माझा न्हाई बाई, तो तयार छापून येतोय. माझं त्याच्या खाली हुतं. ते कापून टाकलं."

आणि आता तर पत्रिका मोबाईलवर यायला लागल्या होत्या. गाणं वाजतं, फुलं पडतात आणि बोटानं सरकवली की संपलं. सोपानराव त्यालाही हसायचे. पण एकदा दोरीवरचे कागद काढता काढता मला म्हणाले, "लगीन झालं की दुसऱ्या दिवशी माझं काम मेलं. एकदा तरी असलं काय तरी छापायचं हाय बाई, की मानसानं ते ठेवलं पायजे. तारीख टळून गेली तरी ठेवलं पायजे." मी त्यांच्याकडनंच एक लवंग मागून घेतली.

आणि मग अमेरिका आली.

झालं असं, की आमच्या गावची एक मुलगी पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात होती. तिथं दोन अमेरिकन चित्रकार काही महिने शिकवायला आलेले. तिनं स्वतःच्या लग्नाला बोलावलं आणि ते खरंच आले. ती उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांची डोरोथी. तो बुटका, गोल, सतत घामाघूम कार्ल. लग्न बाजूला राहिलं, दोघं पत्रिकेवरच लट्टू. तो आमचा गुलाबी! अंधारातसुद्धा डोळ्यात घुसणारा गुलाबी आणि त्यावर सोनं. हे कुणी छापलं, म्हणून विचारत ते प्रेसच्या दारात उभे राहिले.

भिंतीवर धडाधड थापा पडल्या. "बाई! बाई, लवकर या! इंग्रजी आलंय!"

सगळी नोकरी मी इंग्रजी शिकवलं, पण समोरून कुणी इंग्रजीत उलट बोलण्याचा प्रसंग देवानं माझ्यावर आणला नव्हता. पदर खोचून गेले. पहिलं वाक्य मी व्याकरणशुद्ध बोलले आणि कार्लनं 'काय?' म्हणून कान पुढे केला. म्हटलं, मेल्या, तुझीच भाषा आहे. पण हळूहळू जमलं. दोन दिवसांत गावानं डोरोथीची दुर्गाताई केली आणि कार्लचा कारभारी. ते त्या नावांना ओ द्यायला लागले.

या दोघांची तऱ्हा अशी, की ते चित्र मिळून काढायचे. एकच चित्र, दोघांचं. हे गावाच्या पचनी पडेना. नवरा-बायको का? नाही. बहीण-भाऊ? नाही. "मग नातं काय?" न्हाव्यानं मला विचारलं. मी त्यांना विचारलं. कार्ल म्हणाला, चित्राचं. मी तसं सांगितलं. न्हावी म्हणाला, "बाई, नीट विचारा."

त्यांचं ठरलं, की सोपानरावांच्या जाळ्यांवर, सोपानरावांच्या गुलाबीत एक चित्र छापायचं. विषय म्हणजे लग्न उरकल्यावरचा मांडव. एकावर एक रचलेल्या लाल खुर्च्या, त्यांच्या पाठीवर मांडववाल्याचं नाव, आणि पडलेला हार खाणारी शेळी. ती शेळी म्हाताऱ्या हौसाबाईची, गावात कुणाच्याही लग्नाला ती असतेच. दुर्गाताई काळ्या रेषेनं काढायच्या आणि बाजूला व्हायच्या. मग कारभारी पुढे यायचा आणि गुलाबी रंगानं त्यातलं अर्धं झाकून टाकायचा. त्याला शेळी नको होती. तिला हवी होती. सकाळी तिनं शेळी काढायची, दुपारी यानं पुसायची, संध्याकाळी तिनं परत काढायची. एक अक्षर बोलायचे नाहीत! सोपानराव दोघांच्या मध्ये उभे राहून मॅच बघितल्यासारखे बघायचे. "ह्यांचं पटत न्हाई, पन सुटत बी न्हाई," म्हणायचे. शेळी पुसली गेली की दारातली पोरंटोरं ओरडायची, परत आली की टाळ्या. शेवटी कार्ल दमला आणि शेळी राहिली. ते चित्र सोपानरावांनी जाळ्यांवर उतरवून घेतलं.

छपाईच्या दिवशी दुर्गाताईंनी मला समोर बसवलं आणि नियम सांगितला. जाड, सुती कागद त्यांनी मोजका आणला होता. त्यावर चाळीस प्रती छापायच्या. प्रत्येकीच्या खाली शिसपेन्सिलीनं आकडा, चाळिसातली पहिली, चाळिसातली दुसरी असा, आणि शेजारी दोघांच्या सह्या. मग जाळ्या धुऊन त्यांच्यावरचं चित्र काढून टाकायचं. जगात एक्केचाळिसावी प्रत असता कामा नये.

मी हे सोपानरावांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली. मग काळजीनं विचारलं, "आनि एक्केचाळिसावा पाहुना आला तर?"

दुर्गाताई म्हणाल्या, त्याला मिळणार नाही. म्हणूनच तर चाळीस जण ती जपतील. त्यांच्या तिकडच्या एका गॅलरीनं चित्रं घ्यायची कबूल केली आहेत. पातळ कागदात गुंडाळून, मोजे घातलेल्या हातांनी, सपाट कप्प्यांत ठेवतील. आणि प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा शिक्का असेल, कारण छापणाऱ्याचाही मान असतो.

मी हे मराठीत सांगत होते आणि सोपानरावांचे चालते हात थांबले होते. "जपतील म्हनाल्या? किती दिवस?" मी विचारून सांगितलं, आपण सगळे मेल्यावरसुद्धा. सोपानराव मोरीत गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि आले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा त्यांच्या हातांचा खरा रंग दिसला. "आता बघा मज्जा," ते म्हणाले, पण हळूच.

चाळीस प्रती झाल्या आणि देखण्या झाल्या. सह्या झाल्या, आकडे पडले. कोपऱ्यात सोपानरावांचा शिक्का उमटला. तो शिक्का त्यांनी स्वतः बनवला होता, नुसतं नाव आणि खाली 'मिरजगाव'. गठ्ठा बांधून प्रेसच्या कपाटात ठेवला. पाहुणे दोन दिवस भंडारदऱ्याला धरण बघायला गेले. जाताना दुर्गाताईंनी जाळ्यांकडे बोट दाखवून हातानं घासायची खूण केली. सोपानरावांनी "येस येस" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. सकाळी सकाळी भिंतीपलीकडून रबराच्या पट्टीचा सर्र सर्र आवाज. मी गेले. दोऱ्या भरलेल्या! गुलाबी आभाळ, लाल खुर्च्या आणि शेळ्याच शेळ्या.

"सोपानराव! काय चाललंय हे?"

"काय न्हाई बाई. शाई उरली हुती, पत्रिकेचा कागद पडून हुता."

"अहो, नियम काय सांगितलाय? चाळीस म्हणजे चाळीस!"

"त्या चाळीस झाल्या की. सह्यांच्या." ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मला साधी गोष्ट कळत नाहीये. "ह्या वरच्या!"

आता या माणसाला काय बोलणार? त्यांच्या हिशेबात वरच्या प्रती आकड्यात धरतच नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी बाजारात वाटल्या. भाजीवालीला, न्हाव्याला, मांडववाल्याला, बोंबील विकायला आलेल्या बाईला. "आपल्या गावचं चित्तर हाय, घ्या! अमेरिकेतनं आलंय, घ्या!" कुणी नको म्हटलं तर पाठीत थाप आणि पिशवीत चित्र.

पाहुण्यांची जीप परत आली ती स्टँडवर चहाला थांबली. चहावाल्याच्या गल्ल्यामागे शेळी. पलीकडे पंक्चरवाल्याकडे शेळी. कार्लला हसू फुटलं, खो-खो हसायला लागला, आणि मग त्यानं दुर्गाताईंच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प झाला.

त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. प्रेसमध्ये आल्या, गठ्ठ्यावर हात ठेवला आणि मला एकेक शब्द स्पष्ट करून सांगितलं. मी या प्रत्येक कागदावर चाळीस लिहिलंय. खाली सही केलीय. आता माझी सही खोटी झाली. उद्या सकाळी आम्ही निघणार. तोपर्यंत वरच्या सगळ्या परत आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर ही चाळीस मी इथंच फाडणार.

मी सोपानरावांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या शिक्क्याच्या बी?"

"त्याच त्या. सगळ्या."

"आनतो," म्हणाले. "आत्ता आनतो. बाई, तुमी चला. मला मागायला लाज वाटती."

मग आमची वरात निघाली. पुढे पिशवी घेतलेले सोपानराव, मागे मी. पहिलं घर शाळेतल्या एका पोराचं. त्याच्या आईनं चित्राचं वहीला कव्हर घातलेलं, ते लगेच सोडवून दिलं. "घ्या की भाऊ, कागदच हाय." सोपानराव बाहेर आले ते रुसून. मिळालं ना? मग? "कागदच हाय म्हनती!" पुढच्या दुकानात असंच. तिसरीकडे शोधूनही सापडलं नाही, बहुतेक चुलीत गेलं. सोपानरावांचा चेहरा पडत पडत गुडघ्याला आला.

मग न्हाव्याकडे गेलो. त्यानं दोन आरशांच्या मध्ये, काचेत घालून लावलेलं! "न्हाई देनार," तो वस्तरा उगारून म्हणाला. "गिऱ्हाईक ते बघत गप बसतंय. माझं काम सोपं झालंय." मी म्हटलं, आता हे भांडणार. तर सोपानराव खुशीत बाहेर! "बाई, न्हाई म्हनला! काचंत घातलंय, बघितलं का?"

मांडववाला म्हणाला, खुर्च्या माझ्या आहेत, नाव माझं आहे, चित्र तुमचं कसं? बोंबीलवाली तर आपल्या गावाला निघूनच गेली होती, पण तिच्या शेजारणीनं सांगितलं, ती ते छातीशी धरून गेली. सोपानराव रस्त्यातच नाचायला लागले. मी ओरडले, "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? एकेक नकार म्हणजे तिकडे चाळीस फाटणार!" "व्हय की, व्हय की," म्हणाले आणि तोंड गंभीर केलं. ते पुढच्या नकारापर्यंत टिकलं.

शेवटी हौसाबाईचं घर. एका खोलीचं. बाहेर खुंटीला ती शेळी, आत भिंतीवर एक कॅलेंडर, नवऱ्याचा फोटो, आणि दोघांच्या मध्ये चित्र. पिठाची खळ लावून सपाट चिकटवलेलं. चित्रातल्या शेळीच्या कपाळाला कुंकू.

"मावशे, ते परत पायजे हुतं," सोपानराव जमिनीकडे बघत म्हणाले.

हौसाबाईनं कमरेवर हात ठेवले. "निगायचं न्हाई ते. भित घिऊन जा."

"मावशे, मोठी अडचन झालीया गं."

"तूच छापलंस न्हवं?"

"व्हय."

"तूच दिलंस न्हवं? मग दिल्यालं परत मागतूस? आनि म्या काढून दिऊन माझी भित मोकळी ठिऊ? घरात शिरलं की शेळी आदी दिसती मला. म्या न्हाई देनार, जा."

आणि सोपानराव खाली बसले. कधीही न बसणारा माणूस सरळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. "बाई, ठेवलंय हो," एवढंच म्हणत होते. "ठेवलंय हो हिनं." मी शेळीकडे बघत उभी राहिले.

परत आलो तेव्हा प्रेससमोर निम्मं गाव जमलेलं. सोपानरावांनी कपाटातला गठ्ठा काढून दुर्गाताईंच्या पुढे ठेवला. "बाई, सांगा त्यांना. चुकी माझी. चाळीस फाडा. माझा शिक्का बी फाटू द्या. पन म्हातारीच्या भितीवरचं मी काढनार न्हाई, आनि कुनाला काढू बी देनार न्हाई."

मी सांगितलं. माझा आवाज कापत होता, पण व्याकरण बरोबर होतं.

आणि मग ते दोघं भांडले. इतके दिवस एक अक्षर न बोललेले, भर रस्त्यात, हातवारे करून! गाव खूश. "बाई, काय म्हनत्यात? सांगा की!" मी एस.टी.च्या पायरीवर चढले आणि चालू भांडणाचं भाषांतर करायला लागले. "तो म्हणतो, लोकांनी जपावं म्हणूनच आपण चाळीस छापतो, मग इथं काय झालं? ती म्हणते, शब्द म्हणजे शब्द. तो म्हणतो, तुझी शेळी जिंकली तरी रडतेस. ती म्हणते, माझी शेळी तू सहा वेळा पुसलीस." इथं गावानं दुर्गाताईंच्या बाजूनं एवढा गलका केला, की पुढचं मलाही ऐकू आलं नाही. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी सोडायला तयार नाही. त्यालाही शेवट बघायचा होता.

दुर्गाताई एकदम थांबल्या. म्हणाल्या, ती भिंत मला दाखवा.

सगळे गेलो. दुर्गाताई भिंतीपुढे उभ्या राहिल्या. हौसाबाईनं त्यांना जवळ बोलावलं, चित्रावर बोट ठेवलं. "शिंग चुकलंय. डावं आत वळल्यालं हाय. बाहीर जाऊन बघ." मी भाषांतर केलं. दुर्गाताई खरोखर बाहेर गेल्या, शेळीचं तोंड धरून शिंग बघितलं, आत आल्या, खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या चित्रात शिंग आत वळवलं. मागे सरकून हौसाबाईकडे बघितलं. "आता झालं," हौसाबाई म्हणाली. तेव्हा कुठे दुर्गाताई हसल्या.

प्रेसमध्ये येऊन त्यांनी खोडरबर मागितलं. गठ्ठा सोडला. प्रत्येक प्रतीखालच्या आकड्यातला 'चाळीस' त्यांनी खोडला, पहिली-दुसरीचे आकडे तसेच ठेवले. मग सोपानरावांना विचारलं, वरच्या धरून एकूण किती छापल्या?

सोपानरावांनी माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. "पाहुन्यांना कुनी मोजून देतं का? लागतील तेवढ्या."

मी इंग्रजीत सांगितलं. कार्लनं टाळी वाजवली. दुर्गाताईंनी कागद पुढे केला. लिहा म्हणाल्या, तुमच्या अक्षरांत लिहून दाखवा. सोपानरावांनी लिहिलं. त्या बघून बघून, पहिलीतल्या पोरीसारख्या जीभ बाहेर काढून, एकेका प्रतीखाली उतरवत गेल्या. पहिली, लागतील तेवढ्यांतली. दुसरी, लागतील तेवढ्यांतली. 'ढ' काही त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

त्या गॅलरीनं अर्थातच चित्रं घेतली नाहीत. असल्या आकड्याची प्रत कोण कप्प्यात ठेवणार? कार्लनं फोनवर सांगितलं, आम्ही ती इथल्या मित्रांना वाटली, बऱ्याच जणांच्या स्वयंपाकघरात आहेत. मी सोपानरावांना भीतभीतच सांगितलं. त्यांनी विचारलं, "ठेवल्यात ना?" म्हटलं, हो. "मग झालं," म्हणाले आणि माझ्या पाठीवर गुलाबी पंजा उठवला.

जाळ्या दुर्गाताईंनी त्यांनाच ठेवायला सांगितल्या होत्या. मग काय विचारता! पत्रिका घ्यायला आलेल्याला चित्र, पत्ता विचारायला आलेल्याला चित्र. जाळ्या फाटेपर्यंत ते छापत राहिले.

त्याच उन्हाळ्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला लेकीकडे निघाले. एस.टी.त खिडकीशी बसले होते. आणि खरं सांगते, मनात धुसफूस होती. सगळ्या गावाला मिळालं, बोंबीलवालीला मिळालं. ज्या बाईनं घसा फोडून भाषांतर केलं, तिला नाही! मी मागणाऱ्यातली नव्हे. गाडी सुरू झाली तोच सोपानराव प्रेसच्या दारातून माझ्याकडे बघून हात हलवायला लागले आणि मध्येच हात तसाच थांबला. कपाळावर मारून घेतलं. आत पळाले. दोरीवरची एक ओढून काढली आणि गाडीमागे धावत सुटले. "थांबवा! बाईंची राहिली! बाईंचीच राहिली!" कंडक्टरनं बेल मारली. सोपानराव धापा टाकत खिडकीपाशी आले, चित्र आत सारलं. "गुलाबी ओला हाय! आडवी धरा! घडी करू नका बाई, तुमाला शपथ हाय!"

"अहो, पुण्यापर्यंत अशी धरू?" मी ओरडले.

"व्हय!" ते ओरडले.

आणि मी धरली. शेजारच्या बाईनं एक कोपरा धरला, पुढच्या माणसानं मागं वळून दुसरा. कंडक्टरनं तिकीट माझ्या पिशवीत स्वतः सरकवलं. मी मान वळवून मागे बघितलं तर सोपानराव रस्त्याच्या मधोमध, दोन्ही गुलाबी हात वर करून उभे होते आणि त्यांच्या मागे एक उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. ते बाजूला व्हायला तयार नव्हते.

माझी पट्टी सुटायच्या आत ते गेले. सकाळी चहा पिता पिता, झटक्यात. मला अंत्यदर्शन मिळालं नाही.

गावी आल्यावर सुमनवहिनी घरी आल्या. माझ्या भिंतीवरच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या, पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "बाई, घरात एकबी न्हाई राह्यली. ह्यांनी समद्या वाटल्या. दोरीवरची शेवटची तुमाला दिली." आणि मग, चाचरत, "ही देता का मला?"

मला रडू येत होतं. तरी मी लाटणं हातात घेतलं.

"नाही देणार वहिनी," मी म्हटलं. "बघायला रोज या. पण मागू नका."

वहिनींनी एकदा चित्राकडे, एकदा लाटण्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. हसत हसत, रडत रडत त्या माझ्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "हे ऐकायला आज ते पायजे हुते."